मदतसंस्थांचा पैसा: मागायचा कसा, घ्यायचा कुणाकडून, आणि अटींचं काय करायचं

सांजवारा | मंगळवार, रात्री ९.४०

सुदानच्या धाग्यावर परवा जी खडाजंगी झाली, त्यात "या आंतरराष्ट्रीय संस्था निम्मे पैसे स्वतःवरच उडवतात" हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी लिहिलं. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

ओळख एवढीच: मूळची साताऱ्याची, सध्या मुक्काम नैरोबी. एका वैद्यकीय मदतसंस्थेच्या पूर्व आफ्रिका कार्यालयात प्रपोजल, म्हणजे दात्यांकडे निधी मागणारे प्रस्ताव, लिहिते. संस्थेचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

प्रपोजल म्हणजे करुण रसातला निबंध, असा एक समज आहे. करुण रस प्रपोजलमध्ये कुणी वाचत नाही. देणाऱ्या कार्यालयातल्या माणसापुढे एका आठवड्यात अशी अनेक प्रपोजलं येतात आणि तो थेट बजेटच्या पानावर जातो. तिथलं गणित आणि मजकूर जुळत नसेल, तर पुढचं वाचणं ही केवळ सभ्यता असते.

पैसा दोन वाटांनी येतो. एक म्हणजे सामान्य माणसांच्या देणग्या: दरमहा खात्यातून आपोआप जाणारे, आपत्तीच्या वेळी एकदम येणारे, मृत्युपत्रातून येणारे. हा बहुतेक मोकळा पैसा. दुसरी वाट सरकारं, युरोपीय संघ, संयुक्त राष्ट्रांचे निधी आणि मोठी फाउंडेशनं यांची. हा अटींचा पैसा. कुठला देश, कुठला जिल्हा, किती महिने, कोणत्या कामाला, सगळं ठरलेलं. माझं काम या दुसऱ्या वाटेवरचं.

अट म्हटलं की लोकांना राजकारण आठवतं. ते असतंच. पण रोजच्या कामात त्याहून जास्त छळते ती तारीख. दक्षिण सुदान घ्या. तीव्र कुपोषित मुलांना शेंगदाण्याच्या लगद्याची जी पाकिटं देतात, ती एका खोक्यात १५० असतात, वजन साधारण १४ किलो. ढोबळमानाने एक खोकं म्हणजे एका मुलाचा सहा ते आठ आठवड्यांचा पूर्ण उपचार. इतकी मुलं, तितकी खोकी, गुणाकार संपला, असं वाटेल. पण तिथे मे-जूनपासून पार ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहुतेक कच्चे रस्ते बंद असतात. काळ्या मातीत ट्रक रुतला की काय होतं, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. माल जानेवारी ते एप्रिलमध्ये ट्रकने पोचवून ठेवला तर परवडतो. करारावर सही जूनमध्ये झाली, तर तीच खोकी विमानाने न्यावी लागतात आणि वाहतूक कित्येक पटींनी महागते. तेवढ्याच पैशात मग कमी मुलं. अहवालात मात्र "उद्दिष्ट गाठता आलं नाही" असं आमच्याच नावावर लागतं.

प्रत्येक प्रपोजलला लॉगफ्रेम नावाचा तक्ता जोडावा लागतो. १९६९-७० च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परकीय मदत देणाऱ्या संस्थेसाठी तो तयार झाला आणि मग जगभर पसरला. उद्दिष्टं, ती मोजायची कशी, पुरावा कुठे मिळेल, आणि शेवटचा रकाना गृहीतकांचा. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक "सुरक्षा परिस्थिती स्थिर राहील" असं काहीतरी लिहून मोकळे होतात. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवते. "करार १ फेब्रुवारीपूर्वी झाला नाही, तर मुलांची संख्या इतकी आणि वाहतूक इतकी" असं त्या रकान्यात आणि बजेटच्या टिपेत आधीच लिहून ठेवलं, तर जूनमध्ये वाटाघाटीला तोंड राहतं. भाषा सुंदर असण्यापेक्षा हे उपयोगी पडतं.

विचारा काय विचारायचं ते. सुट्टीवर आहे, उत्तरं देईन.

कोकणकडा | मंगळवार, रात्री १०.१५

"निम्मे पैसे" लिहिणाऱ्यांपैकी एक मी. मागे घेत नाही. 😀 पांढऱ्या लँडक्रूझर, विमानाचे तिकीट, नैरोबीतली घरे, हे सगळे कुणाच्या पैशातून? साधा प्रश्न आहे: मी १०० रुपये दिले तर मुलापर्यंत किती पोचतात?

पोळपाट_लाटणं | मंगळवार, रात्री १०.२२

वाचतेय. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

सांजवारा | मंगळवार, रात्री ११.०५

कोकणकडा, प्रश्न रास्त आहे, पण "मुलापर्यंत" म्हणजे काय ते ठरवायला हवं. पाकीट मुलाच्या हातात पडतं. ते तिथवर नेणारा ड्रायव्हर, दंडाचा घेर मोजून ११५ मिलिमीटरच्या खाली (म्हणजे तीव्र कुपोषण) भरला तर नाव लिहून घेणारी नर्स आणि औषध थंड ठेवणारं डिझेल तुमच्या हिशेबात कुठे बसतात? ती पांढरी गाडी नसेल तर पाकीट राजधानी जूबाच्या गोदामातच राहील.

तरीही आकडे हवे असतील तर घ्या. युरोपीय संघाचं मानवतावादी खातं अप्रत्यक्ष खर्चासाठी थेट खर्चाच्या ७ टक्के देतं. संयुक्त राष्ट्रांच्या देशनिहाय सामायिक निधीतही मर्यादा ७ टक्क्यांचीच. अमेरिकी सरकारशी ज्या संस्थेचा वेगळा दर ठरलेला नसेल तिला १० टक्के मिळत, ऑक्टोबर २०२४ पासून १५. या टक्क्यांत मुख्यालय, लेखापरीक्षण, संगणक, भरती, वकील, सगळं बसवायचं. निम्मे पैसे उडवायचे म्हटले तरी या दात्यांकडून तेवढे हाताशी येतच नाहीत.

महागड्या घरांबद्दलचा तुमचा राग मला पटतो. परदेशी कर्मचारी आणि स्थानिक कर्मचारी यांच्या पगारातली दरी लाजिरवाणी आहे, ती टक्केवारीच्या मागे लपवू नये. पण तो वेगळा गुन्हा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांनी देणगीदारांना उद्देशून खुलं पत्र काढलं: नुसत्या प्रशासकीय टक्केवारीवरून संस्था जोखू नका. संस्थांना तोपर्यंत याच मापाने मोजणारी ही मंडळी, म्हणून ते पत्र गाजलं.

आणि त्या ७ टक्क्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. आम्ही काम स्थानिक संस्थेमार्फत करतो, तेव्हा ते ७ टक्के पुष्कळदा आमच्याकडेच राहतात. जी संस्था जोखीम घेते तिला ऑफिसचं भाडं द्यायलाही पैसे नाहीत. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत मोठ्या दात्यांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं, की २०२० पर्यंत एक चतुर्थांश निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. थेट जाणारा वाटा आजही एक आकडी टक्क्यांत घुटमळतो आहे.

जुना_हिशेबनीस | बुधवार, सकाळी ७.३०

धागाकर्तीने परदेशातली बाजू मांडली, मी इथली मांडतो. अनेक न्यासांची हिशेबतपासणी केली आहे, आता निवृत्त.

वरच्या प्रतिसादात "स्थानिक संस्थेमार्फत" असे सहज आले आहे. भारतात तेच आता बेकायदा आहे. परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए २०१०, यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी एक नोंदणीकृत संस्था परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला पुढे देऊ शकत असे. दिल्ली-मुंबईची मोठी संस्था पैसे आणायची, तिच्याकडे इंग्रजी येणारी माणसे होती; मेळघाटातली किंवा नंदुरबारची छोटी संस्था काम करायची. दुरुस्तीने कलम ७ खाली हे हस्तांतर पूर्ण बंद केले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. परदेशी पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरला पाहिजे, मग तुम्ही गडचिरोलीत असा नाही तर गुहागरमध्ये. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

सरकारची बाजूही सांगतो. पन्नास टक्क्यांच्या सवलतीत "प्रशासकीय" या नावाखाली काय काय खपवले जाई ते मी पाहिले आहे. गैरवापर होता. पण कुऱ्हाड पडली ती पैसा गिळणाऱ्यावर कमी आणि ज्याच्याकडे दिल्लीला खेटे घालायला माणूस नाही त्याच्यावर जास्त.

नव्याने नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. ते नसेल तर एका ठरावीक दात्याकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. वार्षिक विवरणपत्र एफसी-४, मुदत ३१ डिसेंबर. एकही पैसा आला नसेल तरी शून्याचे विवरणपत्र भरावे लागते. हे न भरल्याने नोंदणी गेलेल्या संस्था मोजायच्या झाल्या तर दिवस जाईल.

पोळपाट_लाटणं | बुधवार, सकाळी ८.१०

हिशेबनीस काका, एक शंका. मी न्यू जर्सीत, गेल्या वर्षी इथली नागरिक झाले, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे. सोलापूरजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला दरवर्षी माझ्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या भारतातल्या खात्यातून पैसे पाठवते, रुपयांतच. हे परदेशी योगदान कसं होईल? पैसे तर भारतातल्याच खात्यातून जातात.

जुना_हिशेबनीस | बुधवार, सकाळी ९.००

ताई, होते. इथेच पुष्कळ लोक फसतात. कायदा पाहतो तो देणाऱ्याचे नागरिकत्व. चलन आणि खाते नंतर. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल तर ते परदेशी योगदान नाही. संस्थेने फक्त पासपोर्टची प्रत घेऊन ठेवावी. परदेशी नागरिकत्व घेतले की तुम्ही "परदेशी स्रोत", मग ओसीआय असो वा नसो, रुपये असोत वा डॉलर. वसतिगृहाकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर त्यांनी तुमचे पैसे घेणे हा त्यांचा गुन्हा ठरतो. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, भोगतील ते. आजच फोन करून विचारा.

दुसरे, अमेरिकेत करसवलत हवी असेल तर थेट भारतीय संस्थेला देऊन मिळत नाही. तिकडच्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत द्यावे लागते, आणि ती पुढे एफसीआरए असलेल्या संस्थेलाच पाठवू शकते. तुमची कंपनी तुमच्या देणगीत तेवढीच भर घालत असेल तर तीही बहुधा याच वाटेने.

पोळपाट_लाटणं | बुधवार, सकाळी ९.०४

बाप रे. पॉपकॉर्न ठेवलं बाजूला. लावते फोन.

निळावंती | बुधवार, दुपारी १.२०

मी सामान्य देणगीदारांच्या बाजूला, मुंबईत. चर्चगेटच्या किंवा मॉलच्या दाराशी जॅकेट घालून "सर, फक्त दोन मिनिटं" म्हणणारी जी मुलं दिसतात, त्यांच्यात मी होते. आता त्यांचं प्रशिक्षण घेते.

सांजवारा म्हणतात तो "मोकळा पैसा" इतका मोकळा नसतो हो. तो मिळवायला महाग पडतो. दरमहा देणारा माणूस मिळवायचा खर्च त्याच्या पहिल्या वर्षाच्या देणगीत जेमतेम निघतो. तो टिकला तर पुढची वर्षं संस्थेची. म्हणून आमचा सगळा जीव टिकवण्यात. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा बँकांनी जुन्या सूचना धडाधड नाकारल्या. देणारा देणं थांबवत नव्हता, पण पैसे येत नव्हते. प्रत्येकाला फोन करून पुन्हा फॉर्म भरून घ्यायचा, आणि फोन केला की अर्धे लोक म्हणणार, "अरे हो, हे चालू होतं का अजून? बंदच करा."

मला खरं बोलायचंय ते फोटोंबद्दल. डोळ्यांवर माशा बसलेलं मूल दाखवलं की पैसे येतात. चाचणी घ्या, दरवेळी तेच जिंकतं. आमच्याकडे आता नियम आहे: ज्याचा फोटो आहे त्याला किंवा आई-बापाला फोटो कुठे लागणार ते दाखवून संमती घ्यायची, नाव-गाव बदलायचं, मूल कपड्यांत हवं. नियम चांगला आहे. पण महिनाअखेरीला आकडे खाली आले की वरून प्रश्न येतो, "जरा स्ट्राँग व्हिज्युअल नाहीत का?" स्ट्राँग म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मी नाही म्हणते, आणि माझं टार्गेट चुकतं.

इतिहासाचा_किडा | बुधवार, दुपारी ३.४५

निळावंती, हा वाद शंभर वर्षं जुना आहे. १९१९ मध्ये, युद्ध संपल्यावरही दोस्त राष्ट्रांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच ठेवली होती. एग्लंटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपासमारीने सुकलेल्या ऑस्ट्रियन मुलांचे फोटो असलेली पत्रकं वाटली. शत्रूच्या मुलांचे! परवानगीशिवाय वाटली म्हणून खटला झाला, पाच पौंड दंड झाला. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच तेवढे पैसे बाईंच्या हातावर ठेवले, ते 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या पहिल्या देणग्यांत धरले जातात. पुढे १९२१ च्या रशियन दुष्काळात याच संस्थेने वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती दिल्या आणि दुष्काळाची फिल्म दाखवून पैसे जमवले. "गोरगरिबांचे पैसे जाहिरातीत घालतात" ही टीका तेव्हाही झालीच. कोकणकडा तेव्हा असते तर त्यांनीही धागा काढला असता.

कोकणकडा | बुधवार, दुपारी ४.०२

काढला असताच. शिळाप्रेसवर.

तिखटमीठ | बुधवार, संध्याकाळी ७.३०

सगळे पैसे कमी पडतात असंच बोलताय. जास्त झाले तर? त्सुनामीनंतर नागपट्टणमला जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत होते, त्याच्या बातम्या आम्हीही वाचल्यात. संस्था कधी म्हणतात का, "पुरे, आता नको"?

सांजवारा | बुधवार, रात्री ९.५०

एका संस्थेने म्हटलं होतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. नाताळची सुट्टी, किनाऱ्यावर परदेशी पर्यटक, टीव्हीवर लाटेची चित्रं. जगाने खिसे रिकामे केले. 'मेदसां सां फ्रॉन्तिएर', आपल्याकडे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' म्हणून ओळखतात ती संस्था, तिने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर केलं, की त्सुनामीसाठी आम्हाला लागतील तेवढे पैसे जमले, आता त्या नावाने देऊ नका. बाकीच्या संस्थांचे फोन अजून खणखणत होते, दूरदर्शनवरचे मदत-कार्यक्रम चालू होते, आणि यांनी हात वर केले. इतर संस्था चिडल्या. लोकांचा ओघ आटेल, आमचंही नुकसान होईल, असा त्यांचा राग होता.

वैद्यकीय दृष्टीने त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्सुनामीत माणूस एक तर बुडतो नाही तर वाचतो. जखमी तुलनेने थोडे. स्थानिक डॉक्टर, शेजारी, लष्कर यांनी पहिल्या दिवसांतलं काम केलेलं होतं. साथी येतील अशी जी भीती घातली जात होती, त्या आल्या नाहीत. मग डॉक्टरांच्या संस्थेने एवढ्या पैशाचं करायचं काय?

पण पैसे तर "त्सुनामीसाठी" म्हणून घेतलेले. ते गुपचूप दुसरीकडे वळवणं म्हणजे विश्वासघात. म्हणून त्यांनी देणगीदारांना पत्रं लिहून, फोन करून विचारलं: तुमचे पैसे दुसऱ्या संकटात वापरू का, की परत करू? परत मागणारे अगदी नगण्य निघाले. तो पैसा सुदानमधलं दार्फूर, नायजर, पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये झालेला काश्मीरचा भूकंप अशा ठिकाणी लागला. नायजरमध्ये २००५ साली मुलं कुपोषणाने मरत होती आणि कॅमेरे फार उशिरा पोचले.

त्सुनामीच्या मदतकार्याचं जे मोठं संयुक्त मूल्यमापन २००६ मध्ये आलं, त्यात एक तुलना आहे: त्सुनामीबाधित माणसामागे ७,१०० डॉलरहून जास्त, आणि २००४ च्याच बांगलादेशातल्या पुरात माणसामागे ३ डॉलर. गरजेचं माप आणि पैशाचं माप यांचा एकमेकांशी किती संबंध असतो, ते यावरून बघा.

म्हणून मी म्हणते की आमच्या धंद्यात लिहिणं सगळ्यात सोपं. कुठला पैसा नाकारायचा हे ठरवणं अवघड. हीच संस्था २०१६ मध्ये पुन्हा बातमीत आली. तुर्कस्तानशी करार करून निर्वासितांना परत पाठवायच्या युरोपच्या धोरणाचा निषेध म्हणून तिने युरोपीय संघ आणि सदस्य देशांच्या सरकारांचा निधी घेणं बंद केलं. हे परवडलं, कारण तिचा ९० टक्क्यांहून जास्त पैसा लाखो लहान देणगीदारांकडून येतो. ज्या संस्थेचा निम्मा पैसा एकाच सरकारचा, तिने असा निषेध करून दाखवावा!

मी_बार्शीकर | बुधवार, रात्री १०.४०

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, १९९३ ला, आमच्या बार्शीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून भाकरी गेल्या होत्या. कोण प्रपोजल लिहितंय? घराघरातून गोळा केल्या. मी शाळेत होतो, चटणीच्या पुड्या बांधायला बसवलं होतं. पहिले काही दिवस त्याच भाकरीवर निघाले. नंतर जागतिक बँकेचा पैसा आला, गावंच्या गावं उठवून नव्या जागी बसली. ते भाकरीतून झालं नसतं हेही खरं. पण नव्या गावांची आखणी चौकोनी, शहरासारखी, गुरांना जागा नाही. पैसा देणारा दिल्ली-वॉशिंग्टनचा, नकाशा काढणारा मुंबईचा, आणि राहणार आम्ही.

एक विचारतो, तेव्हा बाहेरची मदत घेतली, मग २००४ ला आणि २०१८ ला केरळच्या पुरात का नाकारली?

जुना_हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ७.१५

२००४ पासून धोरण बदलले. परदेशी सरकारांकडून आपत्तीत मदत घ्यायची नाही, आपण समर्थ आहोत, असे तत्कालीन सरकारने ठरवले आणि पुढच्या सरकारने तेच चालवले. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मदतीवरून म्हणूनच वाद झाला. पुनर्बांधणीसाठी जागतिक बँकेचे कर्ज घेणे वेगळे, ते चालूच असते. कर्जाला मान खाली घालावी लागत नाही, असा काहीसा विचार असावा. मला तो कधी पटला नाही.

रिकामटेकडा | गुरुवार, सकाळी ११.००

भाबडा प्रश्न. आता एआय दहा मिनिटांत प्रपोजल लिहून देतो. धागाकर्तीची नोकरी किती दिवस?

सांजवारा | गुरुवार, दुपारी १२.३०

नोकरी जायची ती एआयमुळे नाही, वॉशिंग्टनमुळे जात होती. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परकीय मदत ९० दिवसांसाठी थांबवली. मागोमाग "काम थांबवा" अशा ईमेल आल्या, पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही. १० मार्चला परराष्ट्रमंत्र्यांनी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर केलं, १ जुलैला यूएसएड बंद झालं. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत धरल्या जाणाऱ्या मानवतावादी निधीतला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा त्या एका देशाचा होता. नैरोबीत आमच्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं काम गेलं. केनियन सहकाऱ्यांचं आधी, आमचं नंतर, हेही लिहायला हवं. जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतःचंच निधीचं आवाहन ४० अब्जांच्या वरून २९ अब्ज डॉलरवर आणलं. गरज कमी झाली म्हणून नव्हे. मिळणार नाही ते मागायचं कशाला, म्हणून.

ज्या संस्थांनी वर्षानुवर्षं निळावंतीसारख्यांचं काम "महाग पडतं" म्हणून बंद ठेवलं होतं, त्या आधी कोसळल्या.

एआय गुळगुळीत लिहितो, मीही वापरते. पण त्याला रस्ता कधी बंद होतो ते विचारलं तर तो "हवामानविषयक आव्हाने" असं लिहितो. रस्त्याचं आमचा ड्रायव्हर सांगतो.

आंबेमोहोर | गुरुवार, रात्री ८.१५

पहिल्यांदाच लिहितेय. धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते, समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलंय. आमच्याकडे एफसीआरए आहे (एफसी-४ वेळेत भरतो, काका!). एका परदेशी फाउंडेशनचा दुष्काळी भागातल्या पाण्यासाठी अर्ज भरतोय. "गरज" या भागाला ५०० शब्दांची मर्यादा. मी सुरुवात अशी केलीय, जरा बघाल का?

"आमच्या तालुक्यातील महिलांची परिस्थिती अत्यंत दयनीय आहे. पाण्यासाठी त्यांना मैलोन् मैल वणवण करावी लागते. हवामान बदलामुळे दुष्काळाची तीव्रता दिवसेंदिवस वाढत चालली आहे. आमची संस्था या महिलांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी कटिबद्ध आहे."

सांजवारा | गुरुवार, रात्री ९.३०

आंबेमोहोर, रागावू नका, पण या चार वाक्यांत तुमचा तालुका कुठेच नाही. राजस्थानातल्या संस्थेने हाच मजकूर पाठवला तर वाचणाऱ्याला फरक कळेल का?

"मैलोन् मैल" काढा. कुठल्या वस्तीवरून कुठल्या विहिरीला, किती अंतर, कोणत्या महिन्यात? स्फिअरची, म्हणजे मानवतावादी मदतीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं ठाऊक असतील: माणशी दिवसाला किमान १५ लिटर, आणि पाण्याचं ठिकाण घरापासून ५०० मीटरच्या आत. परदेशी वाचक हीच पट्टी लावणार. म्हणून तुमच्या वस्तीत एप्रिलमध्ये माणशी किती लिटर मिळतं ते लिहा. टँकर येत असेल तर किती लिटरचा, किती दिवसांनी, किती घरांत वाटला जातो, त्यावरून भागाकार करा. येणारा आकडा कुठल्याही विशेषणापेक्षा बोलका असेल.

हवामान बदलाबद्दल एक ओळ ठेवा, फाउंडेशनला हवी असते. पण उसाबद्दलही लिहा. पाणी कुठे जातं हे न सांगता पाणी नाही असं सांगितलं, तर जाणकार परीक्षक तिथेच थांबतो. तुम्ही गावात राहता, उसाबद्दल लिहिणं अडचणीचं असेल तर "भूजल उपसा" म्हणा, पण टाळू नका.

"कटिबद्ध" सगळेच असतात. त्या ऐवजी गेल्या उन्हाळ्यात संस्थेने काय केलं ते एका वाक्यात.

मी_बार्शीकर | गुरुवार, रात्री ९.५५

टँकरच्या फेऱ्यांची नोंद पंचायत समितीत मिळंल. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर विचारा. दुपारी जेवणाच्या आधी जा.

आंबेमोहोर | गुरुवार, रात्री १०.१०

रागावले नाही, उलट बरं वाटलं. आमच्या अध्यक्षांना "दयनीय" फार आवडतो, त्यांना समजावते. टँकरचं सोमवारी बघते, आणि दोन वस्त्यांवर महिला बचत गटाकडून घरटी हंडे मोजून घेते. हंडा किती लिटरचा तेही मोजावं लागेल ना, सगळे सारखे नसतात.

अजून एक. बजेटमध्ये माझा पगार पूर्ण धरायचा का? अध्यक्ष म्हणतात, एकूण जास्त दिसेल, तुझा अर्धाच दाखवू, बाकीचं संस्था बघेल.

सांजवारा | गुरुवार, रात्री १०.२५

या प्रकल्पावर जितका वेळ देणार तितका पूर्ण. निम्मा वेळ दुसऱ्या कामात जात असेल तरच निम्मा. संस्था "बघेल" ते कुठल्या पैशातून? दुसऱ्या दात्याच्या पैशातून भरला तर ते हिशेबात उघडं पडतं, आणि कुठूनच भरला नाही तर तुम्ही फुकट राबता आणि पुढच्या वर्षी फाउंडेशन विचारतं, गेल्या वेळी निम्म्यात झालं, आता दुप्पट का? लेखापरीक्षणाची फी आणि मोजणीसाठी वस्तीवर जायचा प्रवासखर्चही टाका.

जुना_हिशेबनीस | शुक्रवार, सकाळी ७.०५

आणि पगार धरताना तो २० टक्क्यांच्या प्रशासकीय मर्यादेत पडतो की प्रकल्पाच्या थेट खर्चात, हे आधी ठरवा. प्रत्यक्ष वस्तीवर जाऊन काम करणाऱ्या, प्रशिक्षण देणाऱ्या माणसाचा पगार थेट खर्चात धरता येतो. कार्यालयात बसून हिशेब लिहिणाऱ्याचा नाही. तुमच्या नेमणूकपत्रात कामाचे स्वरूप काय लिहिले आहे ते बघा. "कार्यालयीन समन्वयक" असे असेल तर अर्ज पाठवायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

आंबेमोहोर | शुक्रवार, सकाळी ९.४०

"कार्यालयीन समन्वयक"च आहे. 🙈 आजच अध्यक्षांना सांगते.